बाथरूममध्ये टॉवेलचे हुक: ड्रिल मारायचं की चिकटवायचे?

नवंघर_मुलुंड

नमस्कार मंडळी, विषय तसा फुटकळ आहे पण घरात यावरून रोज वाद चालू आहे म्हणून इथे विचारतेय.

रिडेव्हलपमेंटच्या बिल्डिंगमध्ये मुलुंड पूर्वेला राहायला आलोय. बाथरूम साधारण चार बाय सात. बिल्डरने शॉवर दिला, गिझरचा पॉइंट दिला, आरसासुद्धा दिला पण टॉवेल अडकवायला एक खुंटी म्हणून दिली नाही. आत्ता सगळे टॉवेल दाराच्या वरच्या कडेवर टाकतो, त्यामुळे दार नीट लागत नाही आणि आतला माणूस आतून ओरडत बसतो. मी ते पारदर्शक चिकटवायचे हुक मागवले होते, पाकिटातले निम्मे रात्री खाली येतात, सासूबाई दचकून उठतात. नवरा म्हणतो ड्रिल मारू आणि विषय संपवू. मला भीती ही की नवीन टाइल तडकली तर तशी टाइल आता कुठून आणायची, आणि आत पाइप कुठून गेलेत ते कोणाला माहीत, भोक पाइपात गेलं तर खालच्या मजल्यावरच्यांशी आयुष्यभराचं वैर.

टाइल्स पांढऱ्या ग्लॉसी, एक बाय दोनच्या, सात फुटांपर्यंत. दार आत उघडतं. आत शिरलं की डाव्या भिंतीवर शॉवर, डायव्हर्टर आणि वर गिझर. उजवी भिंत पूर्ण मोकळी, तिच्या पलीकडे बेडरूम. समोर डक्टची खिडकी. घरात आम्ही दोघं, सासूबाई आणि पहिलीतला मुलगा.

हुक कुठल्या मटेरियलचे घ्यायचे, किती उंचीवर लावायचे आणि ड्रिल मारावं का एवढंच सांगा. बजेट फार नाही पण वर्षभरात गंजलेलं नको.

ठाण्याचा_ठोंब्या

एसएस ३०४, म्हणजे स्टेनलेस स्टीलची ३०४ ग्रेड घ्यायची, डोळे झाकून. दुकानात खिशात मॅग्नेट घेऊन जा, चिकटला नाही की समजायचं ३०४. संपला विषय.

भंगार_इंजिनियर

ठोंब्याभाऊ, विषय नाही संपला, हा मॅग्नेटवाला सल्ला अख्ख्या मुंबईत फिरतोय आणि अर्धवट आहे. मॅग्नेट घट्ट चिकटला तर ते ४०० सिरीजचं स्टील किंवा साधं लोखंड, ते नको, इथपर्यंत ठीक. पण २०२ ला पण मॅग्नेट चिकटत नाही. आणि बाजारात ३०४ म्हणून जे खपवतात ते बहुतेक वेळा २०२ च असतं. ३०४ मध्ये साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल, म्हणून काही दुकानदार त्याला अठरा-आठ म्हणतात. २०२ मध्ये महागडं निकेल कमी करून मँगनीज घालतात, दिसायला डिट्टो, पण बाथरूमच्या दमट हवेत त्याच्यावर चहासारखे डाग लवकर पडतात. उलटं पण होतं, ३०४ चा पत्रा वाकवून हुक केला की वाकवलेल्या जागी मॅग्नेट थोडा ओढतो, म्हणून लगेच दुकानदाराशी भांडू नका.

खात्री करायची असेल तर टेस्टिंगचं लिक्विड मिळतं, थेंब टाकून छोटी बॅटरी लावायची, लालसर झालं तर मँगनीजवालं. मशीद बंदरला नागदेवी स्ट्रीटवर हार्डवेअर-टूल्सची रांगच आहे, तिथे विचारा. पण चार हुकांसाठी एवढं कोणी करत नाही हे मला पण माहितेय. मग निदान बिलावर ३०४ लिहून घ्या. लिहायला टाळाटाळ केली की उत्तर मिळालंच.

बाकीची मटेरियल्स पटकन सांगतो. पितळेवर क्रोम प्लेटिंग असलेले वजनदार आणि चांगले असतात, प्लेटिंग गेलं तरी तांबडा गंज नाही येत. झिंक अलॉयवर क्रोम म्हणजे दुकानात सगळ्यात चकचकीत दिसतात ते, मुंबईच्या हवेत प्लेटिंगला फोड येतात आणि आतून पांढरट पावडर निघते, ते टाळा. एबीएस प्लॅस्टिकला गंजच नाही, लहान मुलाच्या हुकाला मस्त, फक्त बारीक मानेचा नको. ३१६ म्हणून एक ग्रेड आहे ज्यात मॉलिब्डेनम असतं, समुद्राच्या खाऱ्या हवेला तो जास्त टिकतो, पण हुकात सहजासहजी मिळत नाही आणि मुलुंडला त्याची गरज नाही.

आणि आकार बघा हो. सगळे फिनिशच बघत बसतात. बुडाची प्लेट दोन स्क्रूची पाहिजे, एका स्क्रूचा हुक टॉवेल ओढून ओढून फिरतो आणि मग वाकडा लटकत राहतो. काही भारीतल्या हुकांना स्क्रू दिसत नाहीत, आत पट्टी असते आणि खालून एक बारीक ॲलन की चा स्क्रू, तो बारका स्क्रूच आधी गंजतो आणि मग ना हुक घट्ट होतो ना निघतो. मला तरी समोरून दोन स्क्रू दिसणारा साधा हुक पटतो, दिसायला थोडा गावठी का असेना.

वर्सोव्याचा_खारा_वारा

वरच्याशी सहमत पण एक गोष्ट कोणीच बोलत नाही. हुक गंजतात त्यात समुद्रापेक्षा जास्त हात ॲसिडचा असतो. आपल्याकडे बाथरूम धुवायला येणारी माणसं ती स्वस्तातली ॲसिडची बाटली ओततात, दार बंद, पंखा बंद, त्याचा धूर वर चढतो आणि स्टील असो की क्रोम सगळ्यावर बसतो. ते हायड्रोक्लोरिक ॲसिड असतं, स्टेनलेसवरचा जो संरक्षक थर असतो त्याला नेमकं क्लोराइडच खातं, मग बारीक बारीक खड्डे पडून तपकिरी डाग येतात. मग आपण म्हणणार दुकानदाराने फसवलं. टॉयलेट क्लीनरमध्ये पण बऱ्याचदा तेच ॲसिड असतं, ते कमोडच्या भांड्यात टाका, भिंतीवर नाही, आणि खिडकी उघडी ठेवा.

डाग आलेच तर खायचा सोडा ओल्या फडक्यावर घेऊन पुसा. तारेच्या घासणीने घासू नका, तारेचे कण अडकतात आणि ते कणच गंजतात.

अजून एक, हुकाबरोबर पाकिटात जे स्क्रू येतात ते बहुतेक वेळा साधे झिंक प्लेटिंगचे असतात. हुक ३०४ चा आणि स्क्रू लोखंडी, मग पांढऱ्या टाइलवर खाली लाल ओघळ. एसएसचे स्क्रू वेगळे घ्या, आठ नंबर दीड इंची.

नवंघर_मुलुंड

बापरे, स्क्रूचा विचारच केला नव्हता. ॲसिडचं तर आमच्याकडे अगदी असंच आहे, दर रविवारी नवरा मोठ्या प्रेमाने ओततो. त्याला हा धागा वाचायला देतेय.

एक विचारायचं होतं, सहा हुकांची एक पट्टी मिळते ती घेतली तर दोनच भोकं पडतील ना? चार वेगळे हुक म्हणजे आठ भोकं.

खटपट्या_काका

ताई, मी स्वतः घरचं सगळं करतो आणि शेजारपाजारचंही, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो, कंटाळा आला तर मधलं सोडा.

पट्टीचं म्हणाल तर भोकं कमी पडतात हे खरं, पण हुक इतके जवळ असतात की टॉवेलवर टॉवेल चढतो आणि कुठलाच वाळत नाही. पट्टी नॅपकीन, शॉवर कॅप, बदलायचे कपडे यांना ठीक. टॉवेलसाठी दोन हुकांत निदान दहा-बारा इंच सोडा.

जागा. डाव्या भिंतीला अजिबात हात लावू नका. डायव्हर्टरपासून वर शॉवरला, गिझरला गरम-थंड दोन्ही लाइनी भिंतीच्या आतून गेलेल्या असणार, गिझरची वायर पण तिथूनच. साधारणपणे नळाच्या सरळ वर, सरळ खाली आणि दोन नळांमधली आडवी रेघ हा सगळा धोक्याचा पट्टा समजायचा. उजवी भिंत बरी, पण तिच्या पलीकडे बेडरूम आहे म्हणालात, तर आधी बेडरूममध्ये जाऊन बघा त्या भिंतीवर स्विचबोर्ड कुठे आहे. आतल्या भिंती बहुतेक चार इंची असतात, पलीकडून बोर्डाचा बॉक्स आणि पाइप भिंतीत खोल बसवलेला असतो, त्याच्या बरोब्बर मागे तुमचं ड्रिल नको. बोर्डाची उभी रेघ बाथरूमच्या बाजूला मापून घ्या आणि तिच्या दोन्ही बाजूंना फूटभर सोडून काम करा. बिल्डरच्या साइट ऑफिसमधून प्लंबिंग आणि इलेक्ट्रिकचा ड्रॉइंग मागा, अजून माणसं तिथे असतील तर देतात. ते हातात धरायचे डिटेक्टर मिळतात ते धातू आणि चालू वायर दाखवतात, पण हल्ली पाइप सीपीव्हीसीचे म्हणजे प्लॅस्टिकचे असतात, ते त्याला दिसत नाहीत, त्यामुळे डिटेक्टर शांत बसला म्हणून निर्धास्त होऊ नका. ड्रिल सुरू करायच्या आधी फ्लॅटचा पाण्याचा मेन कॉक कुठे आहे तो शोधून एकदा फिरवून बघा, आणि त्या भागाचा एमसीबी पाडून ठेवा, ड्रिलला करंट दुसऱ्या खोलीतून एक्स्टेंशनने घ्या.

आता टाइल. बिल्डरने उरलेल्या दोन-चार टाइल्स दिल्या असतील, एकीच्या पाठीवर चमचाभर पाणी टाका. पटकन शोषलं तर सिरॅमिक, तसंच थांबलं तर व्हिट्रिफाइड. भिंतीला बहुतेक सिरॅमिक असते, ती मऊ, साध्या कार्बाइड टोकाच्या बिटने पण होते. व्हिट्रिफाइड असेल तर भाल्यासारख्या टोकाचा टाइल बिट किंवा डायमंड कोर बिट घ्यावा लागतो आणि सारखं पाणी मारावं लागतं. त्याआधी नाण्याने टकटक करून बघा, पोकळ आवाज आला तर त्या टाइलमागे मसाला नाही, तिथे भोक पाडू नका, तडकायची सगळ्यात जास्त शक्यता तिथेच.

खूण केली की त्यावर मास्किंग टेप लावा म्हणजे बिट घसरत नाही. ड्रिलचा हॅमर मोड, म्हणजे ठोके मारत फिरणं, बंद. हे मी शंभरदा सांगतो तरी प्लंबरचा पोऱ्या येतो आणि हॅमर चालू ठेवूनच पहिला दणका देतो. टाइल पार होईपर्यंत नुसतं फिरवायचं, हळू स्पीड, जोर कमी. टाइल संपली की हाताला कळतं, मग बिट बदला, साधा सहा एमएमचा मेसनरी बिट लावा आणि भिंत कडक असेल तरच हॅमर.

आणि बिटबरोबर बाहेर येणारी धूळ बघा. लाल आली तर वीट, झकास. करडी आणि कडक खरखरीत आली तर आरसीसी, मिव्हान शटरिंगच्या (साच्यात काँक्रीट ओतून भिंती करतात त्या) बिल्डिंगमध्ये बाथरूमच्या भिंती पण काँक्रीटच्या असतात, तिथे घरगुती ड्रिल रडतं, रोटरी हॅमर मागवा आणि मध्ये सळी लागली तर हट्ट करू नका, भोक थोडं सरकवा. पांढरट, पिठासारखी मऊ आली तर सिपोरेक्स, म्हणजे हलके सच्छिद्र ब्लॉक. तसं निघालं तर थांबा आणि इथे लिहा, त्याचं वेगळं आहे.

रावल प्लग, म्हणजे स्क्रू पकडायला भोकात घालतात ती नळी, बसवताना सगळे एक गोष्ट विसरतात. प्लग टाइलच्या तोंडाशी फ्लश ठेवतात. स्क्रू आवळला की प्लग फुगतो, तो टाइलच्या आत फुगला की टाइल तडकते, लगेच नाही तर दोन महिन्यांनी. प्लग टाइलच्या जाडीपलीकडे ढकला, म्हणजे साधारण एक सेंटीमीटर आत, आणि त्या हिशोबाने स्क्रू लांब घ्या, दीड ऐवजी पावणेदोन-दोन इंची. प्लग घालायच्या आधी भोकातली धूळ फुंकून काढा, डोळे मिटून, आणि आत सिलिकॉनचा एक ठिपका सोडा म्हणजे पाणी भिंतीत मुरत नाही. शेवटचे दोन-तीन फेरे हातानेच आवळा, मशीनने नाही.

प्लगमध्ये पण स्वस्तातले ठिसूळ पांढरे घेऊ नका, चांगल्या नायलॉनचे घ्या. हा नायलॉनचा प्लग आर्टुर फिशर नावाच्या जर्मन माणसाने १९५८ मध्ये काढला, आपल्याकडचे मिस्त्री अजून त्याला फिशरच म्हणतात, असो.

पार्ट_टाइम_मिस्त्री

काका एवढं कशाला, सरळ दोन टाइल्सच्या जॉइंटमध्ये भोक मारायचं. टाइल फुटायचा प्रश्नच नाही, उद्या हुक काढला तर ग्राउट भरून टाकायचं, कोणाला कळत पण नाही.

खटपट्या_काका

हे परदेशातल्या व्हिडिओत ठीक दिसतं. तिकडे जॉइंट रुंद असतात. आपल्याकडे नवीन बाथरूममध्ये जॉइंट दोन-तीन एमएमचा, आणि बिट सहाचा. म्हणजे बिट दोन्ही टाइल्सच्या कडा खाणार, आणि टाइल सगळ्यात नाजूक असते ती कडेलाच. एका ऐवजी दोन टाइल्सचे कोपरे उडतील. टाइलच्या कडेपासून निदान दोन इंच आत या आणि निवांत भोक पाडा.

पार्ट_टाइम_मिस्त्री

आमच्या जुन्या बिल्डिंगमध्ये जॉइंट जाड आहेत, चालून गेलं. नवीनमध्ये तुमचं बरोबर असेल.

कायमचा_भाडेकरू

मी अकरा-अकरा महिन्यांच्या ॲग्रीमेंटवर जगणारा माणूस, भिंतीला खिळा मारला की डिपॉझिटमधून कापतात, त्यामुळे चिकटवायच्या हुकांवर माझी पीएचडी समजा. ताई तुमचे हुक पडतात त्यात हुकाचा दोष असेलही पण बहुतेक वेळा टाइलचा असतो. टाइल स्वच्छ दिसते पण तिच्यावर साबणाचा आणि पाण्यातल्या क्षाराचा एक पातळ थर असतो. नुसत्या फडक्याने पुसून नाही जात. बाथरूम क्लीनरने पुसलंत तर तो स्वतःच एक थर सोडतो. मेडिकलमधून आयसोप्रोपिल अल्कोहोल आणा, कापसाने घासून पुसा, वाळू द्या, मग चिकटवा आणि अंगठ्याने अर्धा मिनिट तरी दाबून धरा. लावल्यावर लगेच टॉवेल टांगायचा नाही, पाकिटावर जेवढा वेळ लिहिलाय तेवढं थांबायचं, आणि खिळ्याऐवजी वापरायच्या गोंदाचे म्हणजे नेल-फ्री ग्लूवाले असतील तर पूर्ण दिवस बाथरूममध्ये गरम पाण्याची अंघोळ नाही. चार माणसांच्या घरात हे जमवायचं तर सगळे बाहेरगावी जाताना निघायच्या आधी लावा.

दुसरं म्हणजे पॅड पूर्ण एका टाइलवर पाहिजे, जॉइंटवर आला की खालून ओल शिरते. मॅट किंवा खडबडीत टाइलवर हे टिकतच नाहीत. आणि भिंतीपासून फार पुढे आलेला हुक घेऊ नका. टॉवेलचं वजन खाली ओढतं ते गोंद सहन करतो, पण हुक जितका पुढे तितका तो पॅडची वरची कड भिंतीपासून सोलून काढतो, आणि सोलणं हेच गोंदाला झेपत नाही. चपटा, भिंतीला लगट करणारा हुक घ्या. व्हॅक्यूमचे रबरी वाटीवाले घेऊच नका, त्यांचा भरवसा नाही.

वजनाचा हिशोब पण सांगतो. मोठा टॉवेल ७५ बाय १५० सेंटीमीटर, ५०० जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला ५०० ग्रॅम) धरला तर कोरडाच साडेपाचशे ग्रॅमच्या वर जातो, अंग पुसल्यावर अजून वाढतो, त्यात पोरगं येऊन खालून हिसडा देणार. पाकिटावर एक किलो लिहिलंय म्हणून एक किलो टांगायचं नसतं.

काढताना ओढून काढू नका, हेअर ड्रायरने गरम करा आणि मागून दात साफ करायचा फ्लॉस किंवा नायलॉनचा दोरा करवतीसारखा फिरवा. टाइलला काही होत नाही.

पण खरं सांगू का, स्वतःचं घर असतं तर मी ड्रिलच मारलं असतं.

गिरगावची_माई

इतकं वाचलं पण टॉवेल वाळणार कसा हे कोणी विचारलंच नाही, फक्त टांगायचा कसा याचीच चिंता. चार बाय सातच्या बाथरूममध्ये चार जाड टॉवेल हुकांवर घड्या पडून लटकले की जुलै-ऑगस्टमध्ये दुसऱ्या दिवशी कुबट वास येणारच. मग सोन्याचे हुक लावा नाहीतर चांदीचे. हुकावर टॉवेल जिथे एकत्र गोळा होतो तिथली घडी वाळत नाही, रॉडवर पसरला की दोन्ही बाजूंनी वारा लागतो. म्हणून माझं म्हणणं, बाथरूममधले हुक फक्त अंघोळीपुरते, बाहेर आलं की टॉवेल बाहेर. आमच्याकडे छताला ते दोरीने वरखाली होणारे दांडे आहेत, हॉलच्या पंख्याखाली, सगळे टॉवेल तिथे. तुमच्याकडे डक्टच्या खिडकीत एक्झॉस्ट असेल तर अंघोळ झाल्यावर पंधरा-वीस मिनिटं चालू राहू द्या, लगेच बंद करायची सवय असते लोकांना.

पावसाळ्यात जाड टॉवेल कपाटात ठेवा आणि पंचे काढा. खरंच सांगते. पंचा तासाभरात वाळतो, आणि बाराही महिने पुरतो. नाहीतर सोलापूरचे पातळ टॉवेल, ते मऊ पण असतात.

टॉवेलला हुकात अडकवायला लूप नसेल तर लांब कडेच्या बरोब्बर मध्यावर नाडीचा एक फासा शिवून घ्या, कोपऱ्यावर नको. कोपऱ्यावर टांगला की तो खाली फरशीपर्यंत लोळतो आणि तिरका गोळा होतो. मध्यावर टांगला की उंचीला निम्मा लागतो आणि बराच मोकळा राहतो.

उंची: तुम्हा दोघांना साडेपाच फूट, सासूबाईंना पाचच्या आत, हात फार वर न्यावा लागू नये, ओल्या फरशीवर टाचा उंच करणं म्हणजे पडायला आमंत्रण. मुलाला साडेतीन-चार फूट, पण त्या उंचीचा हुक त्याच्या डोळ्यांसमोर येतो, म्हणून गोल बोंडाचा घ्या, टोकदार अजिबात नको, आणि जाण्यायेण्याच्या वाटेत नको, कोपऱ्यात घ्या.

आणि सासूबाईंचं वय लिहिलं नाहीत, पण वयस्कर माणूस पाय घसरला की हाताला लागेल ते धरतो, आणि बाथरूममध्ये हाताला हुक किंवा टॉवेलचा रॉडच लागतो. ते माणसाचं वजन घ्यायला बनवलेले नसतात, उपटून हातात येतात. ड्रिलवाला येणारच आहे तर त्याच वेळी एक चांगला ग्रॅब बार, म्हणजे धरायचा आधाराचा दांडा, बसवून घ्या. हुकापेक्षा तो महत्त्वाचा.

भंगार_इंजिनियर

माईंना पूर्ण अनुमोदन. ग्रॅब बार मात्र सहा एमएमच्या प्लगवर बसवायचा नाही, त्याला मोठे अँकर फास्टनर (भिंतीत घट्ट रुतणारे बोल्ट) लागतात आणि भिंत पण वीट किंवा आरसीसीच पाहिजे. हे काम यूट्यूब बघून नको, माणूस बोलवा.

डोंबिवली_फास्ट

दाराच्या मागे हुक लावा ना. आमच्याकडे तसंच आहे, भिंतीला भोकच नाही.

खटपट्या_काका

दार कशाचं आहे त्यावर. हल्ली बाथरूमला पीव्हीसी किंवा फायबरची दारं असतात, आतून पोकळ, त्यात स्क्रू काही दिवस राहतो आणि मग भोक मोठं होऊन हुक लोंबतो. तिथे आरपार बोल्ट टाकून बाहेरून वॉशर-नट लावायचा. आणि ताईंचं दार आत उघडतं, मागच्या हुकाचं टोक थेट टाइलवर आपटणार, त्यामुळे खाली डोअर स्टॉपर लागेल. किंवा दाराच्या वरच्या कडेवर अडकवायचे हुक मिळतात, पण दाराच्या वर जेमतेम फट असेल तर दार परत लागणार नाही, म्हणजे ताईंच्या मूळ दुखण्यावर तेच औषध.

नवंघर_मुलुंड

मंडळी खूप खूप आभार, एवढी माहिती मिळेल असं वाटलं नव्हतं. अपडेट देते.

पाण्याची टेस्ट केली, टाइलने पाणी प्यायलं, म्हणजे सिरॅमिक. बेडरूमच्या बाजूचा स्विचबोर्ड दाराजवळ निघाला म्हणून खिडकीकडच्या बाजूला जागा ठरवली. नवऱ्याने शेजाऱ्यांचं ड्रिल आणलं आणि एकच भोक पाडलं, टेप लावून, हॅमर बंद करून, टाइलला काही झालं नाही. पण धूळ पांढरी आली, अगदी मैद्यासारखी. काका म्हणाले तसं थांबलो. आता?

माई, सासूबाई सत्तरच्या आहेत. ग्रॅब बारचं वाचून त्या म्हणाल्या ही बाई शहाणी आहे.

खटपट्या_काका

सिपोरेक्स. घाबरू नका, हुक बसतो, फक्त पद्धत वेगळी. ही वीट आतून बुडबुड्यांची असते, हॅमर लावलात तर भोक आतून चाळण होतं आणि प्लग गरागरा फिरतो. म्हणून शेवटपर्यंत हॅमर बंदच. टाइलमध्ये भोक प्लगच्या मापाचं पाहिजे, पण आत विटेत एक साइज बारीक बिट वापरा, म्हणजे प्लग ठोकून घट्ट बसेल. छोटा प्लग चालणार नाही, दोन-अडीच इंची लांब नायलॉन प्लग घ्या, सिपोरेक्ससाठी वेगळे खोल आट्यांचे प्लग पण मिळतात, दुकानात एएसी ब्लॉकचा (म्हणजे सिपोरेक्सचाच) प्लग म्हणून मागा. चार इंची भिंत आहे हे विसरू नका, टाइल आणि मसाला धरून बिटवर टेपने खूण करा, नाहीतर बेडरूममध्ये बाहेर निघाल. स्क्रू हातानेच आवळा आणि घट्ट झाला की थांबा, अजून एक फेरा अजून एक फेरा करत बसलात की आतली वीट चुरते.

ग्रॅब बार त्या भिंतीवर नको मग. कॉलम किंवा आरसीसीची भिंत बाथरूमला लागून कुठे आहे ते माणूस बोलवून बघून घ्या. तसं काहीच नसेल तर सिपोरेक्समध्ये केमिकल अँकर (भोकात भरला की कडक होणारा गोंद) भरून करणारे आहेत, पण ते त्यांच्याकडूनच, गॅरंटी लिहून.

आणि राहिलेली भोकं पाडायच्या आधी सोसायटीचं ड्रिलिंगचं टायमिंग विचारा. रात्री १० ते सकाळी ६ आवाज नको हे सरकारी नियमात आहेच, पण बऱ्याच सोसायट्यांत दुपारी पण बंद आणि रविवारी पूर्ण बंद. तुमच्याकडे अजून सोसायटी बनली नसेल तरी खालच्या काकांना आधी सांगून ठेवा.

सावंतवाडीकर_परळ

धागा चांगला चाललाय म्हणून माझं पण विचारतो. आधीच्या मालकाने बाथरूमभर हुक लावून काढून नेलेत, टाइलमध्ये आठ-दहा भोकं आहेत, आत जुने प्लग तसेच. ती बुजवायची कशी? व्हाइट सिमेंट भरलं तर पिवळं पडतं.

भंगार_इंजिनियर

जुना प्लग चांगला असेल तर तीच भोकं वापरा, नवीन हुकाच्या प्लेटच्या दोन स्क्रूमधलं अंतर मापून तसाच हुक शोधा, सगळ्यात सोपं. नको असलेल्या भोकातला प्लग काढताना त्यात जाड स्क्रू दोन फेरे फिरवून पक्कडने सरळ ओढा, हलवत ओढलात तर टाइलची कड उडते. मग आत इपॉक्सी ग्राउट भरा, टाइलच्या शेडचं मिळतं, ते व्हाइट सिमेंटसारखं पाणी पीत नाही म्हणून लवकर पिवळं नाही पडत. भरल्या भरल्या ओल्या स्पंजने पुसा, वाळल्यावर ते दगड होतं.